सालादा बेटाची खरी गोष्ट

पुंता सेका गावाच्या धक्क्यावरून रोज दुपारी साडेचारला ‘मारिसोल’ सुटायची. पाऊण तासात सालादा बेटावर पोचायची, सूर्य पाण्यात बुडेपर्यंत तिथं थांबायची आणि अंधार पडता पडता परत यायची. बोट चालवायचा इनोसेन्सियो. पण त्याला त्या नावानं कुणीच हाक मारत नसे. सगळ्या गावाचा तो चेंचो. वय साठ, पायात कधी चप्पल नाही, आणि गळ्यापाशी छोटा मायक्रोफोन अडकवलेला.

पन्नाशीपर्यंत चेंचोनं मासे धरले. मग जाळ्यात मासळीपेक्षा शेवाळच जास्त यायला लागलं, तेव्हा ‘मारिसोल’ची मालकीण यादिरा हिनं त्याला बोटीवर घेतलं. पोरगी त्याच्या निम्म्या वयाची, पण व्यवहाराला चोख. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला सुनावलं, “काका, असे मुक्यासारखे बसणार असाल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. सूर्यास्त लोकांना किनाऱ्यावरूनही फुकट दिसतो. बोटीवर ते गोष्टी ऐकायला येतात.”

चेंचोला गोष्टी कुठल्या येणार? पण दुसऱ्या दिवशी बोगोताच्या एका बाईनं विचारलं, “या बेटावरच्या विहिरीचं पाणी खारं का हो?” आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “एका बाईच्या रडण्यानं.” बाईनं डोळे मोठे केले. झालं! त्या दिवशी एका समुद्री चाच्यानं पळवून आणलेली नवरी जन्माला आली. दुसऱ्या दिवशी चाचा एकडोळ्या झाला. आठवड्यानं नवरीला ब्लांका असं नाव मिळालं. वर्षभरात गावातल्या बायका शिंपल्यांच्या माळा ‘ब्लांकाचे अश्रू’ म्हणून विकायला लागल्या. चेंचोची बायको नुबिया पाहुण्यांसमोर म्हणायची, “आमच्या ह्यांचं खरं प्रेम त्या ब्लांकावर. मी आपली भात रांधायला.”

एक गोष्ट मात्र चेंचो प्रवाशांना कधी सांगत नसे. तो स्वतः त्या बेटावर जन्मला होता. आता तिथं एक हॉटेल होतं, हॉटेलचा लाकडी धक्का होता, गवताच्या छत्र्या होत्या. बोट धक्क्याला लागली की प्रवासी उतरायचे. चेंचो दोर बांधायचा आणि बोटीतच पाठ फिरवून बसायचा. उतरायचं नाही, तिकडं बघायचं नाही. यादिरानं एकदोनदा विचारलं, तर म्हणाला, “पाय दुखतात.”

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी बोट भरलेली होती. मेदेयिनहून आलेल्या निवृत्त नर्सबायांचा घोळका होता, एक नवं जोडपं होतं, आणि सगळ्यात मागच्या बाकावर एक म्हातारी बाई एकटीच बसली होती. रुंद कडांची गवती टोपी, काळा चष्मा, पर्स छातीशी घट्ट धरलेली. चढताना यादिरानं हात पुढं केला तर तिनं तो घेतला नाही. लाट बोटीला वर उचलते त्या नेमक्या क्षणी तिनं पाय टाकला आणि चढली. चेंचोच्या ते लक्षात आलं. ‘किनाऱ्यावरचीच दिसते कुणीतरी,’ असं मनात म्हणून त्यानं इंजिन सुरू केलं.

बेट दिसायला लागलं तसा त्यानं नेहमीचा सूर लावला. “तर मंडळी, ही सालादा. तीनशे वर्षांपूर्वी इथं एक एकडोळ्या चाचा आला. त्यानं सोबत आणली होती ब्लांका. दुधासारखा रंग, कंबरेपर्यंत केस. तिला बेटावर सोडून तो गेला, तो परत आलाच नाही. ती विहिरीच्या काठावर बसून रडली, रडली, इतकी रडली की गोड विहीर...”

“खोटं आहे.”

आवाज मागून आला. नर्सबायांनी माना वळवल्या.

“विहीर खारी झाली ती समुद्र आत शिरल्यामुळं,” टोपीवाली बाई म्हणाली. “तीनशे वर्षांपूर्वी नाही, एक्कावन्न वर्षांपूर्वी. आणि दुधासारख्या रंगाचं त्या बेटावर कुणी नव्हतं. आम्ही सगळे माझ्यासारखेच काळे होतो.”

नव्या जोडप्यातला नवरा हसत म्हणाला, “जाऊ द्या हो आजी, गोष्टच आहे ती.”

“गोष्ट सांगायला माझी कुठं ना आहे? पण जो तिथं राहिलाय त्यानं तरी खरी सांगावी. आणि हाऽ राहिलाय. विचारा त्याला, त्याची नाळ कुठं पुरलीय ते.”

तो लांबवलेला ‘हाऽ’ कानावर पडला आणि चेंचो झटकन मागं वळला. असा ‘हाऽ’ जगात एकच माणूस म्हणायचं. लहानपणी आईकडं त्याच्या चहाड्या करताना.

“तेल्वि?” तो म्हणाला. मायक्रोफोन चालूच होता. ‘तेल्वि’ साऱ्या बोटीवर घुमलं.

“हो, तेल्वि. बावीस वर्षांनी. पुढं बघ आधी, बोट कलतेय.”

ती एतेल्विना, चेंचोची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी ती सीमेपलीकडं माराकाइबोला घरकामाला गेली आणि तिथंच तिचं आयुष्य गेलं. दर दोन महिन्यांनी घरी पैसे पाठवायची, दर रविवारी फोन करायची. दोघं शेवटचे भेटले ते आईच्या अंत्यविधीला. आणि चौदा वर्षांपूर्वी तिनं चेंचोचा फोन घेणंच बंद केलं. का, ते दोघांनाही ठाऊक होतं. चेंचोनं बेटावरची आईची जागा हॉटेलवाल्याला विकली होती, आणि बहिणीला ते कळलं होतं माराकाइबोच्या बाजारात, गावातल्याच एका माणसाकडून.

एक नर्स म्हणाली, “बाई, मग खरं काय झालं ते तुम्हीच सांगा ना.”

एतेल्विनानं चष्मा काढला. तिचे डोळे आईसारखे झाले होते, एवढं चेंचोला दिसलं आणि त्यानं मान समोर वळवली.

“आमची आई पास्तोरा मीठ पिकवायची,” तिनं सांगायला सुरुवात केली. “घरामागं चौकोनी खाचरं होती. त्यांत समुद्राचं पाणी घ्यायचं आणि उन्हात आटवायचं. बाप केळीच्या बागांत मजुरीला, वर्षातून दोनदा यायचा. त्या साली मोठं उधाण आलं आणि विहिरीत खारं पाणी शिरलं. लोक घरं सोडून निघाले. आई म्हणाली, मी मीठ सोडून जायची नाही. पावसाचं साठवलेलं पाणी होतं, त्यात किडे पडलेले, तेच पीत राहिलो. जानेवारीत तिला ताप चढला. उलट्या, जुलाब. तिसऱ्या दिवशी ती मला माझ्या आजीच्या नावानं हाक मारायला लागली. तेव्हा मी ठरवलं.”

“तुम्ही किती वर्षांच्या होता?”

“सोळा. हा नऊ. होडी होती, पण वल्हं एकच. आईला चटईत गुंडाळून होडीत निजवलं. चारच्या सुमारास निघालो. जानेवारीचा वारा म्हणजे काय ते इथल्या माणसांना विचारा. सगळा तोंडावर. दोन हात पुढं जावं, हातभर मागं यावं. ह्याच पाण्यावरून, बायांनो. आत्ता तुम्ही जिथं नारळाचं पाणी पिताय ना, तिथंच अर्ध्यावर होतो आम्ही, सूर्य बुडाला तेव्हा. लाटा आत येत होत्या. आणि हा माझा भाऊ भोपळ्याच्या तुंब्यानं पाणी उपसत होता. तळहाताची साल निघाली, पण थांबला नाही. डोळ्यातून एक टिपूस काढलं नाही पोरानं. तो उपसत होता म्हणून मी वल्हवत राहिले. किनाऱ्यावर चर्चच्या जोगिणींचा दवाखाना होता, त्यांचा दिवा दिसला तेव्हा माझे हात वल्ह्यावरून सुटेनात. एकेक बोट उकलावं लागलं.”

“आई वाचली?”

“वाचली म्हणजे काय! पुढं एकोणतीस वर्षं जगली. शेवटच्या दिवसापर्यंत सूप अळणी झालं म्हणून भांडत होती.”

नर्सबाया हसल्या. दोघीतिघी डोळेही पुसत होत्या. यादिरा रमची बाटली हातात धरून तशीच उभी होती, ओतायचं विसरून. चेंचोला समोरचा धक्का धूसर दिसत होता. तरी त्यानं बोट नीट लावली.

प्रवासी उतरले. एतेल्विना उतरली आणि धक्क्यावर थांबली.

“येतोस, की पाठ फिरवून बसतोस? ती पोरगी सांगत होती तिकीट घेताना. कप्तान म्हणे कधी उतरतच नाही.”

चेंचो उतरला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

घर होतं तिथं आता हॉटेलचं स्वयंपाकघर होतं. एक्झॉस्ट पंखा घरघरत होता आणि तळलेल्या केळ्यांचा वास येत होता. मिठाची खाचरं मात्र मागच्या बाजूला तशीच होती. कुणी वापरत नव्हतं, बुजवलीही नव्हती. पाणी साचून लालसर झालेलं, कडेला पांढरा थर. एतेल्विनानं बूट काढले, मोजे काढले आणि काठावर बसून पाय आत सोडले. चेंचो बाजूला उभा राहिला.

“पैसा मला नको होता,” ती पाण्याकडं बघत म्हणाली.

“नुबियाच्या मूत्रपिंडाचं ऑपरेशन होतं, तेल्वि. दुसरा काही मार्गच नव्हता. आणि हॉटेलवाल्यानं चार दिवसांची मुदत दिली होती.”

“ते मला नंतर कळलं. चारच महिन्यांपूर्वी. सीमा ओलांडून परत आले, बारांकियात मुलीकडं राहायला लागले, तेव्हा. तू का नाही सांगितलंस?”

“काय तोंडानं सांगणार? तू आईला या बेटावरून जिवंत नेलंस, आणि मी तेच बेट विकून बसलो. म्हटलं, तू नाही म्हणालीस तर?”

“नाही?” ती गर्रकन वळली. “अरे गाढवा, तुझी बायको मरणाच्या दारात, आणि मी मीठ कवटाळून बसणार होते? वीक म्हणाले असते. त्याच दिवशी वीक म्हणाले असते! पण ते मी म्हणायला हवं होतं, चेंचो. मला विचारायला हवं होतंस. मी तिकडं लोकांच्या फरशा पुसत होते ना, तेव्हा रोज रात्री डोळे मिटले की ही चार खाचरं दिसायची. आणि एक दिवस बाजारात आपल्याच गावचा मासेवाला म्हणतो, तुमची जागा गेली की.”

चेंचो खाली बसला. म्हणाला, “चुकलं माझं.”

“चुकलंच.”

पश्चिमेला सूर्य पाण्याला टेकला होता. धक्क्याकडून प्रवाशांचा गलका ऐकू येत होता, फोटो काढायची घाई चालली होती. ही दोघं मात्र स्वयंपाकघरामागं बसली होती, जिथून सूर्य धड दिसतही नव्हता.

“मी रडलो होतो,” चेंचो एकदम म्हणाला. “त्या दिवशी होडीत. अख्खा रस्ता भोकाड पसरलं होतं. एकदा तर तुंबा फेकून दिला होता मी, तू पाण्यात हात घालून परत काढलास.”

“मला माहीत आहे.”

“मग तिथं सगळ्यांसमोर...”

“नर्सबायांना कशाला सांगायचं ते? तुझं तोंड असं झालं होतं, म्हटलं, आता चाकावर डोकं ठेवून रडतो की काय.” ती उठली आणि ओल्या पायांनीच बूट घालायला लागली. “चल. नुबिया जेवायला काय करते शनिवारी?”

नुबियानं नारळाचा भात केला होता आणि मोहारा मासा तळला होता. दारात नणंदेला बघून ती पदराला हात पुसावेत तसे झग्याला हात पुसून पुढं झाली. दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. “चौदा वर्षं मी तुमच्याच जागेवर जगतेय,” नुबिया म्हणाली. एतेल्विना म्हणाली, “मग जरा जाड हो की, जागा चांगली मोठी होती.”

ती मंगळवारी बारांकियाला परत गेली. चेंचोनं ब्लांकाला सोडचिठ्ठी दिली आणि खरी गोष्ट सांगायला लागला. पहिले काही दिवस ती त्याला नीट जमेना. मध्येच तो मायक्रोफोन बंद करायचा, प्रवासी अवघडून समुद्राकडं बघायचे. माळा विकणाऱ्या बायका तर भांडायलाच आल्या. हळूहळू जमायला लागलं. आपण रडलो होतो हेही तो सांगायचा, आणि तिथं लोक हटकून हसायचे. बोट धक्क्याला लागली की तोही आता सगळ्यांबरोबर उतरायचा.

यादिरानं मध्ये एकदा खाचरांत पुन्हा मीठ पिकवण्याबद्दल हॉटेलच्या मॅनेजरशी बोलून पाहिलं. खाचरं पडूनच होती, त्यामुळं त्याची काही हरकत नव्हती.

जूनमध्ये एतेल्विना दोन बॅगा आणि शिवणयंत्र घेऊन गावात आली आणि नुबियाच्या परसामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिली. मुलीच्या फ्लॅटमध्ये तिला म्हणे श्वास घेता येत नव्हता. आठवड्यातून दोनदा ती दुपारच्या बोटीनं बेटावर जाते, फावड्यानं खाचर साफ करते, पाणी आत घेते. पहिलं मीठ हाती आलं ते मूठभर, करडं आणि कडवट. नुबियानं ते भातात घातलं, चव बघितली आणि तोंड वाकडं केलं.

“हे मीठ आहे?”

“पहिल्या वर्षी असंच येतं,” एतेल्विना म्हणाली. “अगं, आईला तीन वर्षं लागली होती. गप जेव.”