लोखंड कमी पडलं

आमचे वडील, अण्णा, गेले आणि त्यांच्या पखवाजाची एकच टेप उरली. माझ्या धाकट्या भावाने, दिलीपने, अ‍ॅम्प्लिफायरमधला जळका ट्रान्सफॉर्मर काढून हाताशी होता तो बारका बसवला आणि टेप लावली. कणीक लावलेल्या डाव्या, खर्जाच्या पुडीवर अण्णांची थाप पडली, पण आला तो फाटका, किंचाळणारा आवाज. दिलीपने पक्कड भिंतीवर भिरकावली.

"अरे, आवाज कमी कर."

"कमी केला तर फाटणार नाही, ताई, पण घुमणारही नाही! खर्जाला लोखंड जास्त लागतं. ट्रान्सफॉर्मरच्या एवढ्याशा लोखंडी गाभ्यात तो मावत नाही. आवाजाच्या लाटांचे शेंडे तुटतात आणि हे असं केकाटतं."

अण्णांना अग्नी देताना हा रडला नव्हता. तेव्हापासून मात्र दारं आपटतो, भरलं ताट भिरकावतो, बायकोच्या अंगावर धावून जातो. माणसाचाही गाभा असाच अपुरा पडत असेल का? खोल असतं ते आत मावत नाही, आणि बाहेर नुसता आरडाओरडा येतो.

त्याने दातओठ खात टेबलावर मूठ हाणली. जाड सागवानी फळी खोलवर घुमली. आम्ही दोघंही दचकलो.

दिलीपने टेप बंद केली. मग मूठ उघडली, आणि अण्णांसारख्याच पसरट पंजाने त्या फळीवर थाप दिली.