पश्चिमेची भिंत

नागनाथअप्पा मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट भोकर तालुक्यातल्या माझ्या माळावर झाली, आणि त्या भेटीत त्यांनी मला साफ नापास केलं. मी नांदेडला शाळामास्तर. नापास करण्याची सवय माझी, होण्याची नव्हे. वाटणीत आलेल्या त्या माळाला धड रस्ता नव्हता. तिथं मातीचं घर बांधायचं म्हणून मी शेतातल्या काळ्या मातीचा ढीग करून ठेवला होता. अप्पांनी त्यातली मूठभर माती भिजवून लाडू वळला, उन्हात ठेवला आणि गप्पा मारत बसले. दुपारपर्यंत लाडवाला भेगा पडल्या. “मास्तर, काळी पिकाला. भितीला पांढरी लागतीय,” एवढं म्हणून ते बैलगाडी घेऊन पांढरी माती शोधायला निघाले.

पुढचे चार महिने ते माळावरच झोपडी करून राहिले. दगड माळावरचेच, बांबू इस्लापूरकडून आलेले, चिखलात गव्हाचं भुसकट. चौसष्टीतले अप्पा चिखल स्वतःच्या पायांनी तुडवत. कुणी वयाचा विषय काढला की भाकरी मागत.

पश्चिमेच्या भिंतीत खिडकी ठेवायची वेळ आली तेव्हा मी शाळेतल्या खिडकीचं माप सांगितलं. अप्पांनी माझं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि माझ्या पत्नीला, सुमनला, बोलावलं. “ताई, भाकरी कुठं बसून करताल? बसा बरं तिथं.” ती चुलीच्या जागी बसली. “बसून शेत दिसलं पाहिजे बगा. तुमी दिवसभर काय भीत बगताल काय?” त्यांनी तिच्यासमोर काठी रोवली आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवर खूण केली. आमच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती. बसल्या जागेवरून तिला काय दिसतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

अप्पांचा मोठेपणा मला विचाराल तर त्यांच्या कसबाहून दुसरीकडेच आहे. भूकंपात त्यांनी स्वतः घातलेलं एक माळवद खाली आलं आणि त्याखाली त्यांची थोरली बहीण गेली. त्यानंतर त्यांनी मातीचं जड छत कधी घातलं नाही; आमच्याही घरावर बांबू आणि कौलंच आहेत. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. घर सांगायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी बसवत आणि म्हणत, “माळवद लई जड घातलं, ती माझी चूक. बहीण गेली त्यात. आता ठरवा.” मलाही त्यांनी हे सांगितलं होतं. मी ते ऐकलं, शिकलो मात्र नाही.

आता माझं सांगतो. घर सोपवताना अप्पांनी बजावलं होतं, “दरसाल शेणामातीचा लेप द्या. शिमिटाचा सदरा घालू नका, घाम आतच मुरतोय.” तिसऱ्या वर्षी मुलीला बघायला लातूरचे पाहुणे येणार होते. सोयऱ्यांनी नावं ठेवू नयेत म्हणून मी दोन पोती सिमेंट बैलगाडीनं आणलं आणि वाटेवरून दिसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गिलावा करून घेतला. अप्पांना कळवलं नाही. पाहुणे आले, पोह्यांची तारीफ केली, लग्न जमलं. भिंतीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

गिलाव्याला चीर पडली, पावसाचं पाणी आत शिरलं आणि बाहेर यायला त्याला वाट उरली नाही. दोन पावसाळ्यांनी एका दुपारी भिंत खाली बसली. कुणाला लागलं नाही. बघायला आलेले लोक म्हणाले, “मातीच ती, पडायचीच.” मी मान डोलावली. मी एवढंच केलं.

भूकंप पाहिलेल्या मुलखात अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. लोह्याच्या दोन कुटुंबांनी अप्पांना घर सांगितलं होतं, त्यांनी माघार घेतली. पुढं मातीचं घर त्यांना कुणी सांगितलंच नाही. अप्पा गोठ्यांच्या भिंती घालत राहिले. त्यांच्या हातापायांत बळ होतं ती शेवटची वर्षं अशी गेली, आणि ती मी घालवली.

भिंत पडल्यावर अप्पा स्वतः आले होते. त्यांनी ढिगाऱ्यातली सिमेंटची एक खपली उलटी केली, मागची ओली माती बोटांनी चोळली आणि म्हणाले, “भीत मी भरून देतो.” मी नको म्हटलं. तोंड दाखवायची लाज वाटत होती. तिथं विटांची भिंत घातली, खिडकी शाळेच्या मापाची. तेव्हापासून सुमन चुलीपुढे बसली की तिला वीट दिसायची.

अप्पांच्या या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला गेला तेव्हा लिहिण्याआधी मी त्यांच्याकडे गेलो. गुडघे गेल्यामुळे ते आता बाजेवरच असतात. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “हाव, ठावं हाय मला. खपली उलटी केली तवाच कळालं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी सांगताल म्हणून वाट बघून राहिलो. लई वर्षं लावली, मास्तर.”

म्हणून लोहा-भोकरच्या मंडळींना हात जोडून सांगतो: ती भिंत अप्पांच्या मातीनं पडली नाही, माझ्या सिमेंटनं पडली. हे मी त्याच दुपारी सांगायला हवं होतं.

विटांची भिंत मी उतरवली आहे आणि पांढरी भिजत घातली आहे. चिखल मी तुडवीन, अप्पांनी बाजेवरून रागवायचं, असं ठरलं आहे. त्यांना निरोगी आणि उदंड आयुष्य मिळो असं सगळेच म्हणतील; मीही म्हणतो, पण माझ्या म्हणण्यात स्वार्थ आहे. परवाच त्यांचा निरोप आला, “ताईला आधी बसवा.” सुमन चुलीपुढे बसली आहे. काठी रोवायला अप्पा हवेत.