तुमची लेक कुठल्या शाळेत हाय?

मराठीच्या बाईला नोकरी लागताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. मराठी शिकवणं हे तिचं जोडकाम असतं. खरं काम म्हणजे शाळेत जे जे लिहायचं असेल ते ते लिहिणं. स्वागताचे फलक, निरोपाची भाषणं, बोअर आटल्याचा अर्ज, मुख्याध्यापकांच्या साडूच्या मुलीची लग्नपत्रिका, सगळं माझ्याकडे. त्यामुळे गेल्या एप्रिलात मुख्याध्यापकांनी बोलावून "मॅडम, शाळेचं एक झकास माहितीपत्रक लिहा," असं सांगितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "किती खोटं लिहायचं, सर?"

"खोटं न्हाई लिहायचं," ते म्हणाले. "खरंच लिहायचं. फक्त जरा नटवून."

आमचं सरकारी हायस्कूल नांदेडहून अर्धापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, शहर संपून प्लॉटिंगचे बोर्ड सुरू होतात तिथं आहे. पूर्वी हे गाव होतं. आता ते गाव राहिलेलं नाही आणि शहरानं अजून त्याला आपलं म्हटलेलं नाही. शाळेसमोरून केळीचे ट्रक जातात आणि सकाळी पिवळ्या बसगाड्या जातात. या बसगाड्या आमच्याच वस्तीतली लेकरं उचलून शहरातल्या इंग्रजी शाळांत नेतात. दरवर्षी त्यांची एक गाडी वाढते आणि आमचा एक बाक रिकामा होतो.

यंदा प्रकरण गळ्याशी आलं होतं. नववीत वीस मुलं भरली नाहीत तर नववीला शिक्षकच मंजूर होणार नव्हते. म्हणजे नववी बंद, आणि पुढच्या वर्षी दहावी आपोआप बंद. मी ठरणार होते अतिरिक्त. अतिरिक्त माणसाला जिल्ह्यात कुठंही टाकतात आणि माझ्या बाबतीत माहूरकडचं नाव ऐकू येत होतं. माहूरला वर्षातून एकदा देवीला जाणं वेगळं आणि रोज हजेरीला जाणं वेगळं. पण माझं जाऊ द्या. वस्तीतल्या मुली आठवीनंतर रिक्षात बसून शहरात शिकायला जात नाहीत, त्या घरात बसतात. हे मला दिसत होतं आणि टोचतही होतं. तरी पहिला विचार माहूरचा आला, हेही कबूल करते.

तर मी लिहायला बसले. 'प्रशस्त क्रीडांगण' असं लिहिलं. क्रीडांगण प्रशस्त आहेच, फक्त हळदीच्या दिवसांत त्यावर शेजारच्या शेतकऱ्याची शिजवलेली हळद वाळत असते आणि कबड्डी खेळून आलेली पोरं नवरदेवासारखी दिसतात. 'हवेशीर वर्गखोल्या' लिहिलं, कारण तावदानं नाहीत. 'डिजिटल वर्ग' लिहिलं. आमच्याकडे मोठा टीव्ही आहे. तो चोरीला जाऊ नये म्हणून लोखंडी कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली हरवू नये म्हणून मुख्याध्यापकांच्या घरी असते. 'सुसज्ज प्रयोगशाळा' लिहिताना हात जरा अडखळला. तिथल्या बरणीतला बेडूक आमच्या विज्ञानाच्या सरांपेक्षा नोकरीत सीनियर आहे.

निकालाचं मात्र जमेना. तीन वर्षांपूर्वी शंभर टक्के लागला होता, तेव्हा दहावीला अकरा मुलं होती. पुढच्या वर्षी एक जण गणितात गेला आणि टक्के धाडकन खाली आले. विज्ञानाचे सर म्हणाले, "मॅडम, 'निकालाची उज्ज्वल परंपरा' असं लिहून टाका. परंपरेला टक्के विचारत न्हाईत कुणी." हे सर म्हणजे मिश्किल प्राणी, पण गाइडला हात न लावता शिकवतात. पाण्याच्या टाकीच्या सावलीवरून टाकीची उंची काढायला लावतात आणि पोरं ती काढतात. हे खरं म्हणजे माहितीपत्रकात यायला हवं होतं. पण 'उज्ज्वल परंपरा' आणि 'सर्वांगीण विकास' यांनी इतकी जागा खाल्ली की ते राहूनच गेलं.

मे महिन्यात आम्ही दारोदार निघालो. नांदेडचा मे म्हणजे डांबरसुद्धा चपलेला धरून बसतं. डोक्यावर स्कार्फ, हातात पत्रकं, पुढे मुख्याध्यापक, मागे मी आणि विज्ञानाचे सर. लोक चांगले. बसा म्हणत, पाणी देत, पत्रक उलटंसुलटं करून बघत. आणि मग प्रत्येक दारात, अगदी न चुकता, तोच प्रश्न येई, "सर, तुमची लेकरं कुठल्या शाळेत हायत?"

पहिल्या दिवशी आम्ही तिघंही गारद झालो. संध्याकाळी स्टाफरूममध्ये यावर बैठक झाली. मुख्याध्यापकांचं सोपं होतं. त्यांचे नातू पुण्यात, पुण्यापुढे कुणी काही बोलत नाही. विज्ञानाच्या सरांना दोन मुलं, दोन्ही शहरातल्या इंग्रजी शाळेत आणि थोरला यंदा नववीतच जाणारा. ते म्हणाले, "मी सांगून टाकतो, मला लेकरूच न्हाई." आम्हाला वाटलं थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्याच दारात तसं सांगितलं, आणि त्या घरातल्या म्हातारीनं हळहळून त्यांना एका बाबांचा पत्ता दिला. अख्ख्या वस्तीत आठ दिवस सरांबद्दल सहानुभूतीची लाट होती.

राहिले मी. माझी एकुलती एक मुलगी, तीही आठवी पास, तीही इंग्रजी शाळेत. मी म्हणायचे, "माझी मुलगी लांब शिकते." हेही नटवलेलं सत्यच होतं. आमचं घर वस्तीच्या पुढच्याच प्लॉटिंगमध्ये आणि तिची शाळा तिथून सहा किलोमीटर.

मेअखेर अठरा भरले. वस्तीच्या कडेला ब्लाउज शिवणाऱ्या एक भाभी राहतात. माझेही ब्लाउज त्याच शिवतात. त्यांची मुलगी वस्तीतल्या प्राथमिक शाळेतून आठवी झालेली, आणि ती शाळा आठवीपर्यंतच. पोरगी हिशेबाला अशी तेज की गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की अंगाकडे बघूनच सांगायची, सव्वा मीटर लागेल. मी गेले तेव्हा ती पिको-फॉलच्या मशीनवर बसली होती आणि कान आमच्याकडे लावून होती.

भाभींनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मग दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, "मॅडम, बुरा नका मानू. इतकी चांगली शाळा हाय, तर तुमची लेक कुठल्या शाळेत हाय?"

"लांब शिकते," मी म्हणाले.

"लांब म्हंजे ती पिवळी बस ना? रोज इथूनच तर जाते. मी बघून राहिले ना तिला चार सालांपासून." त्या हसल्या. रागावल्या असत्या तर मला उत्तर सुचलं असतं. "असं करू मॅडम. तुमची लेक तिथं टाका, मी माझी टाकते. दोघी एका बाकावर बसतील. न्हाई तर माझी मशीनवर बरी हाय."

मशीनचा आवाज थांबला होता. पोरगी माझ्याकडे बघत होती. आणि मी, जी वर्गात 'खोटं बोलू नये' यावर दहा ओळी लिहायला लावते, ती म्हणाले, "हो. टाकते की."

भाभींनी लगेच उठून पत्र्याच्या पेटीतून शाळा सोडल्याचा दाखला काढून दिला. आमच्या धंद्यात दाखला हातात आला की पोर आपलं. मी तो पर्समध्ये घातला आणि जवळजवळ पळतच रस्त्यावर आले.

घरी आले तर माझी लेक सोफ्यावर आडवी पडून तेच पत्रक वाचत होती. तिचं मराठी वाचन म्हणजे खडीच्या रस्त्यावरची सायकल. तरी तिनं शेवटपर्यंत रेटलं आणि म्हणाली, "आई, तुझी शाळा भारी आहे गं. मी येते ना तुझ्याकडे. सहाला उठायला नको. आमच्या सायन्सच्या मिस तर दर तीन महिन्यांनी बदलतात."

असं दान पडायला नशीब लागतं. अठरा आणि एक एकोणीस, आणि ही वीस. मी काय केलं असेल? मी घाबरले.

"अगं, ते हवेशीर म्हणजे खिडक्यांना काचा नाहीत," मी म्हणाले. "टीव्ही कपाटात आहे. ग्राउंडवर हळद असते. प्रयोगशाळेत एक बेडूक आहे फक्त." ज्या ओळी लिहायला मला आठवडा लागला होता त्या मी पाच मिनिटांत एकेक करून उसवल्या.

"म्हणजे तू खोटं लिहिलंस?"

"खोटं कशाला लिहीन?" मी भडकलेच. "स्पर्धा परीक्षा देऊन आलेली माणसं आहेत आमच्याकडे! विज्ञानाचे सर सावलीवरून टाकीची उंची काढायला शिकवतात. तुझ्या शाळेत टाकी तरी दाखवली का कुणी?"

"मग येऊ दे ना मला."

मी म्हणाले, पप्पांना विचारू. माझा नवरा लातूरला पाटबंधारे खात्यात आहे, शनिवारी येतो. लातूरला राहून राहून माणसाचं लातूर होतं. तिथला रिक्षावालासुद्धा लेकरू दिसलं की नाव विचारायच्या आधी विचारतो, नीट का जेईई? यानं दोन वर्षं आधीच मुलीसाठी हॉस्टेल हेरून ठेवलेलं. फोनवर सगळं ऐकून म्हणाला, "डोकं ठिकाणावर हाय का? अकरावीला लातूरला कुणीतरी विचारील, दहावी कुठून केली म्हणून. काय सांगायचं?"

"माझ्या शाळेतून, असं सांगायचं," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं." खरं सांगायचं तर त्यानं नाही म्हटल्याचं मला बरंच वाटलं. दोष ठेवायला घरचा माणूस मिळाला. मुलगी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "पण त्या शिवणाऱ्या आंटींना तू काय सांगितलंस?" मी कुकर लावायला उठले.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आकडा एकोणीसवर अडकलेला. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत नव्हते, आणि ते का बघत नाहीत हे मला कळत होतं. तेवढ्यात विज्ञानाचे सर एका उंच, झोपाळू पोराचं बखोट धरून आत आले आणि त्याचा दाखला टेबलावर ठेवला. त्यांचा थोरला.

"सर, तुम्ही?" मुख्याध्यापक उभेच राहिले.

"तिथं वर्गात झोपा काढून राहिलं होतं हे बेनं," सर म्हणाले. "झोपायचंच हाय तर माझ्या तासाला झोपू दे. निदान उठवता तरी येईल."

वीस झाले. नववी वाचली, माझं माहूर टळलं. वस्तीत मात्र सरांची फजिती झाली. बाबांचा पत्ता देणारी म्हातारी शाळेच्या फाटकावर आली आणि पोराला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "सर, गुण आला म्हणावं, पण लई लवकर आला!" आठवडाभर आम्ही हसलो. मी सगळ्यांत जास्त हसत होते. मुलीला आणण्याची आता गरज उरली नव्हती, असं मी स्वतःला पटवून टाकलं होतं.

भाभींची मुलगी पहिल्याच दिवशी आली. नवा गणवेश, आईनं शिवलेला, अंगावर नेमका बसलेला. खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर एका कडेला बसली आणि दप्तर पायांत ठेवलं. आमचे बाक दोघींचे, पण नववीत चांगले बाक थोडेच, त्यामुळे बाकीच्या मुली तिघी-तिघी दाटीनं बसल्या होत्या. एक जण हिच्या शेजारी सरकली. मी दारात होते तेव्हा ऐकलं, "इथं नको बसू. मॅडमची लेक येणार हाय."

तासानंतर तिनं मला विचारलंसुद्धा. मी म्हणाले, "येईल, दोन-चार दिवसांत." पुढच्या आठवड्यात म्हणाले, ताप आलाय. मग म्हणाले, दाखला मिळायला वेळ लागतोय. ती प्रत्येक वेळी "हाव मॅडम" म्हणायची आणि विश्वासानं जागेवर जाऊन बसायची. जुलै गेला, चाचणी झाली, त्यात ती पहिली आली. सकाळी परिपाठाला आम्ही मैदानात उभे असताना समोरून पिवळी बस जायची. तिच्यात कोण बसलेलं असतं ते तिलाही दिसत होतं आणि मलाही. तिनं कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. भाभींनीही नाही. ब्लाउज न्यायला गेले की चहा करायच्या, पोरीला शाळा लई आवडते म्हणून सांगायच्या. मला शरम वाटायची आणि मी चहा प्यायचे.

गणपतीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. मी हजेरी घेत होते. वीसच्या वीस हजर. शेवटचं नाव झालं तशी ती उभी राहिली. नवी पुस्तकं भरून तिचं दप्तर फुगलं होतं आणि अजूनही तिच्या पायांतच होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. दार लावू का विचारावं तसं तिनं विचारलं.

"मॅडम, त्या जागेवर आता दप्तर ठेवू का?"

मी हजेरीपटातून मान वर केली नाही. "ठेव," म्हणाले.