फळ्यावरचं ‘आपण’

आमचा पक्ष नवऱ्याने काढला तो रागाच्या भरात. नळाला चार-चार दिवस पाणी नाही आणि पुढाऱ्यांना त्याचं सोयरसुतक नाही! शुक्रवार पेठेतल्या आमच्या ओट्यावर सात-आठ डोकी जमली, ‘देश आधी’ म्हणून ओरडली, झाला पक्ष. पहिला झेंडा समोरच्या टेलरचाचांनी शिवला, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडलेही तेच.

चौकात फळा लावला. नवऱ्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून रोजचा मजकूर मी लिहायची. मी विणकराच्या घरची, माहेरी सगळं तेलुगू; पण मराठी अक्षर पेठेत माझंच, असा माझा तोरा. मजकूर ठरलेला असायचा. आपण एक होऊ, आपला देश, आपली पेठ. चाचा मशीन सोडून वाचायला यायचे आणि “लई भारी, सूनबाई” म्हणायचे.

निवडणुकीत सपशेल आपटलो. मग नवी पोरं आली. ओट्यावरची बैठक आत गेली, दाराला कडी लागायला लागली, चाचांना निरोप जाईना. मी नवऱ्याला विचारलं, तर म्हणे तुला राजकारण कळत नाही. म्हटलं, नसेल कळत, माणसं तर कळतात की!

एका सकाळी त्याने मजकूर सांगितला, त्यात ‘आपण’ कुठंच नव्हतं. आम्ही सहन करणार नाही. आम्ही दाखवून देऊ. मी मुकाट्यानं लिहिलं. चाचांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

“सूनबाई, ह्यात मी हाय का न्हाय?”

मी वळून बघितलं. नवरा मागंच उभा होता. म्हणाला, “चाचा, चहा घ्या की.” त्यांनी घेतला नाही. थोड्याच दिवसांत मशीन टेंपोत चढवून ते लेकीच्या गावाला गेले. त्या रिकाम्या दुकानात पोरांनी पक्षाचं कार्यालय थाटलं.

मी भांडले, रडले, फळा सोडला. आता कुणीतरी पोरगा लिहितो. ‘इथल्या मातीत इथलीच भाषा’ असलं काहीबाही असतं.

परवा आईचा फोन आला. मी तेलुगूत मनसोक्त बोलत होते. नवरा उठला, त्याने खिडकी लावून घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “हळू बोल. समोर पोरं बसलीत.”