मागच्या सीटवरून शेवडेकाका

"तुझं वजन किती गं?" शेवडेकाकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. जर्मनीत, ब्राउनश्वाइगमधल्या त्या इमारतीत राहायला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. वरच्या मजल्यावर मराठी माणसं आहेत हे बेलवरच्या नावावरून कळलं होतं, म्हणून वाटीभर शिरा घेऊन ओळख करून घ्यायला गेले. दार उघडलं ते पांढऱ्या मिशीच्या, बुटक्या पण ताठ उभ्या असलेल्या गृहस्थांनी. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं आणि वजन विचारलं. मी इतकी गडबडले की खरा आकडा सांगून टाकला. "आणि उंची? पाच-दोन?" मी मान हलवली. काका आत वळून म्हणाले, "निर्मला, अगं, मिळाली."

"कोण मिळाली ते नंतर सांगा. आधी तिला आत घ्या, शिरा गार होतोय," आतून आवाज आला.

निर्मलाकाकू सोफ्यावर बसल्या होत्या, शेजारी काठी टेकवलेली. चहा होईपर्यंत मला सगळा उलगडा झाला. काका कराडचे. तीस वर्षांपूर्वी इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत एका प्रयोगशाळेत गाड्यांचे शॉकअब्सॉर्बर तपासत राहिले. दर उन्हाळ्यात नवराबायको मोटरसायकलवरून लांबच्या प्रवासाला जायची. हार्त्सचे डोंगर, आल्प्स, दोनदा नॉर्वे. त्या हिवाळ्यात काकूंच्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या आधीच काकांनी जुनी गाडी विकून टाकली होती. आता नवी घ्यायची होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळा आला की मागे बसायला हरकत नाही. पण काकू दुकानात यायलाच तयार नव्हत्या. "ठरलं की सांगा," एवढंच म्हणायच्या. म्हणून त्यांच्या बांध्याचं कोणीतरी मागे बसवून बघायला हवं होतं. ते कोणीतरी म्हणजे मी.

"गाडी मागच्याने निवडायची असते," काका मला समजावत होते. "चालवणाऱ्याला काय, रस्ता दिसतो, हातात काम असतं, तो कशावरही रमतो. मागचा माणूस आठ-आठ तास दुसऱ्याची पाठ बघत बसतो. आल्झो, म्हणजे काय, त्रास त्याला, तर मत त्याचं."

त्यांना हवी होती ती लांब पल्ल्याला वेगाने जाणारी, दोघांना सामानासकट नेणारी गाडी. कंपनी आणि मॉडेल ठरलेलं होतं. घोडं अडलं होतं वर्षावर आणि प्रकारावर. दोन हजार एकोणिसाची घ्यायची, बाविसाची की चोविसाची? आणि त्यातही साधी, मधली की सगळ्यात वरची, 'प्रीमियम'? स्वयंपाकघराच्या भिंतीवर काकांनी एक पुठ्ठा टांगला होता. त्यावर नऊ गाड्यांच्या नऊ ओळी होत्या. वरचे रकाने बघून मला हसू आलं. इंजिन नाही, ताकद नाही, किंमतसुद्धा नाही. कंबर, मांडी, गुडघा, मान, आणि सगळ्यात शेवटी मन.

"मन म्हणजे?" मी विचारलं.

"उतरल्यावर परत बसावंसं वाटलं का, ते," काका म्हणाले.

पुढचे दोन महिने माझे शनिवार काकांच्या मालकीचे झाले. कधी गावातलं दुकान, कधी हिल्डेसहाइम, एकदा तर पार माग्देबुर्ग. काकूंचं जाकीट मी घालायचे. खिशात आवळासुपारीची पुडी आणि कुठल्यातरी नॉर्वेजियन फेरीची तिकिटं होती, ती मी तशीच राहू दिली. प्रत्येक दुकानात प्रोबेफार्टचा, म्हणजे गाडी फिरवून बघण्याचा, फॉर्म भरला जायचा. विक्रेता काकांना इंजिनाबद्दल सांगायला लागला की काका त्याला थांबवून माझ्याकडे बोट दाखवायचे. तो बिचारा गोंधळून मलाच इंजिनाबद्दल सांगायचा.

सिग्नलला गाडी थांबली की काका मान न वळवता विचारायचे, "कंबर?"

"ठीक."

"मांडी?"

"मस्त."

"मस्त हे काही माप नाही. दहापैकी किती?"

मला मोटरसायकलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हळूहळू माझ्या पाठीला फरक कळायला लागला. एकोणिसाच्या गाडीत मागचे फूटरेस्ट वर होते, त्यामुळे अर्ध्या तासात गुडघे भरून यायचे. बाविसाच्या गाडीत ते खाली घेतले होते. चोविसाच्या गाडीचं सस्पेन्शन स्वतःच रस्ता ओळखून मऊ-कडक व्हायचं, आणि प्रीमियममध्ये तर मागची सीट गरम व्हायची आणि पाठीमागे सामानाची पेटी होती, तिला टेकून बसता यायचं. मी चोविसाच्या प्रीमियमला सरसकट नऊ द्यायला लागले. काकांचा चेहरा मला मागून दिसत नसे, पण नऊ म्हटलं की त्यांचे खांदे जरा सैल व्हायचे.

त्यांचा एक हट्ट मात्र लवकरच लक्षात आला. ते माझ्याहून बोटभरच उंच. या गाड्या उंच लोकांच्या देशात बनलेल्या. काका बसले की डाव्या पायाचा फक्त चवडा जमिनीला लागायचा आणि उजवा पाय ब्रेकवर. गावातल्या दुकानातला विक्रेता, हेर ल्युडर्स, म्हणजे श्रीयुत ल्युडर्स, नावाचा शांत माणूस, एकदा म्हणाला की याला कमी उंचीची, खालची सीटही मिळते. काकांनी हात झटकला. "ती शिकाऊ लोकांसाठी. मी बावीस वर्षं चालवतोय." दुकानाच्या अंगणात एक बाविसाची, अगदी साधी गाडी उभी होती, कुणा नव्याने शिकलेल्या मुलीने खालची सीट बसवून घेतलेली आणि वर्षभरात परत केलेली. तिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पुठ्ठ्यावर खालच्या सीटसाठी ओळसुद्धा नव्हती.

या सगळ्याची मला गंमत वाटत होती, ती माग्देबुर्गहून परतताना संपली. पेट्रोल पंपावर कॉफी घेताना मी सहज म्हटलं, "काका, इतका काथ्याकूट कशाला? कुठलीही घ्या, सगळ्याच चांगल्या आहेत."

 तेव्हा काकांनी सांगितलं की गेल्या उन्हाळ्यात, ऑपरेशनच्या आधी, गोस्लारजवळ अशाच एका पंपावर दोघं पडली होती. काकू मागे चढत होत्या, त्यांचा पाय सामानाच्या पेटीला अडकला, गाडी कलली आणि दोघं खडीवर. फारसं लागलं नाही. पण काकू घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत. "खुबा तेव्हाच गेला होता तिचा. मला कळायला हवं होतं," काका म्हणाले. गाडी त्यांनी त्याच महिन्यात विकली, काकूंना न विचारता. "आता ती खिडकीशी बसून असते. परवा गाडीवरचे हातमोजे कुणाला तरी देऊन टाकले तिने. मी चुकीची गाडी आणली आणि ती एकदा नाही म्हणाली ना, की ती परत हो म्हणायची नाही. मग आम्ही दोघं नुसती म्हातारी होऊ." त्यांनी कप चुरगाळून डब्यात टाकला आणि हेल्मेट घातलं. त्या दिवसापासून मी गुण फार जपून द्यायला लागले.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. चोविसाची प्रीमियम, गरम सीट आणि पाठीशी पेटी असलेली. सही करायच्या आधी काकूंनी फक्त एकदा बघावी अशी काकांनी गळ घातली. मीही घातली. काकू मला म्हणाल्या, "तू सांगतेस म्हणून येते. चढायला सांगू नका."

शनिवारी आम्ही तिघं हेर ल्युडर्सच्या दुकानात गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी पुसून अंगणात उभी केलेली होती. काका मागच्या सीटची एकेक खुबी सांगायला लागले, गरम कशी होते, टेकायला कसं होतं, माझ्या कमरेने तिला नऊ कसे दिले. काकू काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. सीटला हातसुद्धा लावला नाही.

"अहो, तुम्ही बसा बघू," त्या म्हणाल्या.

"मी? मी बसलोय पंधरा वेळा."

"माझ्यासमोर बसा."

काका बसले. काकू त्यांच्या बुटांकडे बघत राहिल्या. आम्ही दोन महिने मागची सीट बघत होतो, आणि काकू पुढच्या माणसाचे पाय बघत होत्या.

"टाच टेकत नाहीये तुमची," त्या म्हणाल्या.

"ती कधीच टेकत नाही. बावीस वर्षं..."

"बावीस वर्षं मी घाबरतच चढले. गोस्लारला आपण माझ्यामुळे पडलो नाही. तुमचा पाय खडीवरून सरकला. तुम्ही चवड्यावर उभे होतात."

 हेर ल्युडर्सला मराठी कळत नव्हतं, तरी तो दोन पावलं मागे सरकला.

काकूंच्या आवाजात राग नव्हता. रेहामध्ये, ऑपरेशननंतरच्या व्यायामाच्या केंद्रात, त्यांना जिना चढायला शिकवलं होतं, चांगला पाय आधी वर. चांगला पाय डावा. म्हणजे आता मागे चढायचं तर उजव्या बाजूने, डावा पाय पलीकडे टाकत. आणि ही गाडी तर स्टँडवर डावीकडे झुकते. "म्हणजे कोणीतरी ती सरळ धरायला हवी," काकू म्हणाल्या. "बसायची भीती मला कधीच नव्हती हो. तुम्ही माझ्यासाठी गरम सीट शोधलीत, टेकायला पेटी शोधलीत. ती पेटी तर मला ओलांडावी लागणार. मला यातलं काही नको. तुम्ही दोन्ही पाय टेकवून उभे राहा. चढायचं माझं मी बघते."

काकांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत त्यांना कोणी हे सांगितलं नसावं, किंवा त्यांनी ऐकून घेतलं नसावं. ते सावकाश उतरले. मला वाटलं, आता हे घरी चला म्हणतील आणि हा विषय कायमचा मिटेल. मला काकूंचाही जरा राग आला, खरं सांगते. एवढा पुठ्ठा भरेपर्यंत गप्प का बसल्या? पण हे बोलायला त्यांनाही वर्ष लागलं होतं.

काकांनी घसा साफ केला आणि हेर ल्युडर्सला जर्मनमध्ये, अंगणातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे विचारलं, "ती खालच्या सीटची गाडी अजून आहे का? मी बुटका आहे. मला तीच लागेल."

गाडी होती. साधी, पेटीबिटी काही नाही, मागची सीट गार. काका तिच्यावर बसले आणि दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. त्यांनी स्टँड काढून गाडी सरळ केली, हँडल घट्ट धरलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. काकूंनी स्टूल मागितलं. हेर ल्युडर्सने वर्कशॉपमधून दोन पायऱ्यांचं आणलं आणि उजवीकडे ठेवलं. मी काकूंना जाकीट चढवलं, हेल्मेटचा पट्टा लावला. काठी माझ्या हातात देऊन त्या स्टूलवर चढल्या. एक हात काकांच्या खांद्यावर ठेवला. डावा पाय उचलला, अर्ध्यावर थांबला, परत खाली ठेवला. मी पुढे होणार तोच त्यांनी मानेनेच नको म्हटलं. काका वळले नाहीत, काही विचारलं नाही, मदतीला हातसुद्धा मागे केला नाही. या माणसाला गप्प राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. दुसऱ्या वेळी पाय पलीकडे गेला. काकूंचं सगळं वजन एका बाजूला आलं, आणि गाडी तसूभरही हलली नाही.

मला रडू आलं. हेर ल्युडर्सने स्टूल उचलून बाजूला घेतलं आणि उगीचच ते पुसत बसला.

"बसलीस?" काकांनी विचारलं.

"बसले."

"कंबर?"

"ते नंतर. आधी चालवा तर."

काकांनी गाडी सुरू केली. अंगणात एक हळू फेरी झाली, मग दुसरी, आणि मग गाडी फाटकातून बाहेर पडून शहराबाहेरच्या रस्त्याला लागली. काकूंनी हात काकांच्या कमरेभोवती घेतले होते. पाऊण तासाने हेर ल्युडर्स माझ्यासाठी कॉफी घेऊन आला. फॉर्मवर अर्धा तास लिहिलाय, तो म्हणाला, आणि ते दोघं नक्की परत येणार ना? "येतील," मी म्हटलं. काकूंची काठी मांडीवर आडवी घेऊन मी ऊन खात बसले होते, आणि माझी काही घाई नव्हती.