राजांनी टाकलेलं वाक्य

दुपारची पेज पोटात गेलेली, चटईवर अंग टेकलेलं. डोळा लागतोय न लागतोय, तोच कुंदाबाईंना ओसरीवर विश्रामराजे बसलेले दिसतात. राजांना जाऊन सहा वर्षं झाली, हे बाईंना ठाऊक आहे. तरी त्या पदर सावरून उठतात. एवढी मोठी असामी दारात ताटकळत कशी ठेवायची?

असामी मोठीच. घराणं संस्थानिकांचं, स्वतः आमदार. त्यांच्या निवडणुकीत बाईंनी वाडीवाडीतून चपला झिजवल्या होत्या. बाई शिकवायच्या त्या कोळंबवाडीच्या शाळेला चार भिंती बांधून देतो, असा शब्द राजांनी भर सभेत दिला होता ना! निवडून आले, आणि दीड वर्षात राजीनामा देऊन दशावतारी नाटकमंडळीत नट झाले. केवढा हा त्याग, म्हणत लोकांनी हार घातले. शाळा पुढे अकरा वर्षं सुकी मासळी साठवायच्या खोपटात, मांगरात भरली.

राजे पेटाऱ्यावर बसून, हातातल्या आरशात बघत बोटांनी तोंडाला गुलाबी रंग लावताहेत. ओसरीचा रंगपट झालाय. भिंतीवर बाराखडीचा तक्ता मात्र तसाच.

"राजे, शाळेचं काय झालं?"

राजे हसतात आणि दशावताराची रीत सांगू लागतात, जणू बाईच पहिलीत बसल्यात. इथे संवाद लिहिलेले नसतात. खेळाआधी नुसती गोष्ट ठरते. मग एकाने वाक्य टाकायचं, समोरच्याने ते झेलायचं आणि पुढे न्यायचं.

"मी वाक्य टाकलं, बाई. तुम्ही सुरेख झेललंत."

"ती सभा होती, राजे. खेळ नव्हता."

"मला दोन्हीकडे टाळ्याच ऐकू यायच्या."

मासळीचा वास येतो. आता पेटारा मांगरात आहे. मुलं मांडी घालून बसलीत आणि मुकुटातल्या राजांकडे डोळे विस्फारून बघताहेत. यांच्याचकडे बघावं मुलांनी?

"या मुलांसमोर सांगा, 'मी तुम्हाला फसवलं' म्हणून. साध्या आवाजात सांगा. दुसरं काही मागत नाही."

राजे उठतात, बाईंचं मनगट घट्ट धरतात, आणि मांगराचे वासे दणाणतील अशा आवाजात गर्जतात, "हे माते! या अधमाने तुझ्या लेकरांना फसविले!"

डोळ्यांतलं पाणी रंगावरून ओघळतं. मुलं टाळ्या पिटतात. वाचताना मूल कुठे अडखळलं, ते पाठमोऱ्या उभ्या असतानाही ओळखणारा बाईंचा कान. राजांच्या आवाजात त्या खोट शोधतात. सापडत नाही. खरेपणाही सापडत नाही.

जाग येते. ओसरी रिकामी, ऊन उंबऱ्याशी आलेलं. शिकवणीची मुलं येतीलच इतक्यात.

मनगटावर चार बोटांचा गुलाबी ठसा आहे. अंगठा फिरवला, तर रंग ओला लागतो.



"साध्या आवाजात म्हटलं होतं मी," बाई म्हणतात.