शक्य तितके सहकार्य

सारिकाला भीड कशी ती ठाऊकच नव्हती. आमच्या गटात आली त्या पहिल्याच दिवशी ती माधवराव सरांना म्हणाली, "सर, तुमचा प्रोग्राम मराठी शाळेत गेलेला दिसत न्हाई." सर तळेगावातल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. चाळीस वर्षांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. ते हसले, आणि मग ती एकेक चूक मोजून सांगायला लागली.

प्रोग्राम काही आमच्या एकट्याचा नव्हता. अंध माणसांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा तो स्क्रीन रीडर. ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. जगभरातली माणसं फावल्या वेळात तो सांभाळतात. एकेका विषयाचे छोटे छोटे गट असतात. मराठीचा गट आमचा. त्यात सर, पुण्यात नोकरी करणारी ओवी, मी आणि सारिका. आम्हा तिघांना दिसत होतं. प्रोग्रामची गरज एकट्या सारिकालाच होती.

तेराव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि तिची दृष्टी गेली. वडील सोपानभाऊ वराळ्याचे शेतकरी. पोरीला घरात बसवून ठेवा, असं सांगणारे नातेवाईक कमी नव्हते. भाऊंनी तिला पुण्याच्या अंधशाळेत घातलं. पुढे लोणावळ्यात सुट्टीचे बंगले भाड्याने देणाऱ्या एका एजन्सीत तिला फोनवर बुकिंग घ्यायचं काम मिळालं. कानाला फोन, दुसऱ्या कानात आमचा प्रोग्राम, आणि समोर शेठचा बाबा आदमच्या काळातला कॉम्प्युटर. कुठला बंगला कधी रिकामा, हे ती गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत सांगायची. नवं गिऱ्हाईक शेठला विचारायचं, तुमच्याकडची ती मुलगी कुठल्या कॉलेजची?

सहा वर्षांत तिने आम्हाला चारशेवर चुका शोधून दिल्या. शनिवार-रविवार लोणावळ्यात मरणाची गर्दी, म्हणून सोमवारी दुपारी तिचे आवाजी निरोप यायचे. "दादा, तारीख उलटी वाचतोय. गिऱ्हाईक जानेवारीत यायचं ते आक्टोबरात यील." मी दुरुस्त करायचो. या कामाचं कौतुक कुणी करायचं नाही, पण सारिकाने "आता बरं हाय" म्हटलं की मला दोन दिवस बरं वाटायचं.

मागच्या वर्षी मुख्य समितीचं पत्र आलं. गट फार झालेत, निम्मे नुसते नावाला आहेत. म्हणून प्रत्येक गटाने एका पानात आपलं प्रयोजन लिहून द्यावं: गट कशासाठी आहे, काय करतो, काय करत नाही, कोणतं काम कुणाच्या अंगावर. नाही दिलं तर गट बंद.

सरांनी आयुष्यात चार मंडळं आणि दोन पतसंस्था रजिस्टर केलेल्या. दोन दिवसांत त्यांनी एकवीस उद्दिष्टं लिहून आणली. मराठी भाषेचा सर्वांगीण विकास, बंधुभाव, गुणवंतांचा सत्कार. सतरावं रक्तदान शिबिराचं होतं. सारिका म्हणाली, "सर, रगत बी काडनार का आपुन?" ते कागद तसेच गेले आणि तसेच परत आले. समितीने एवढंच विचारलं होतं: उद्या तुमचा गट बंद पडला तर नेमकं कुणाचं काय अडेल?

जूनमधल्या एका रविवारी आम्ही सरांच्या घरी बसलो. रीत मी ठरवली, आणि त्याचा मला फार अभिमान होता. एकेक काम वाचायचं, "कोण करणार?" म्हणून विचारायचं. ज्याला जमेल त्याने मोठ्याने "मी" म्हणायचं. कुणीच म्हणालं नाही, तर ते काम "काय करत नाही" या भागात टाकायचं. एकवीस उद्दिष्टांपैकी अठरा तासाभरात तिकडे गेली. सर जरा खट्टू झाले, पण कबूल झाले.

मग जुन्या कॉम्प्युटरांचं काम निघालं. मुख्य प्रकल्प नोव्हेंबरपासून जुन्या यंत्रांना सोडून देणार होता. एखाद्या गटाला आपल्या भाषेपुरती त्या यंत्रांवर चालणारी जुनी आवृत्ती चालू ठेवायची असेल, तर त्याने ठेवावी. मी वाचलं, "कोण करणार?"

ते करू शकणारा खोलीत एकच माणूस होता, तो मी. आठवड्याला दोन तासांचं काम. माझी नोकरी, मुलाची दहावी, आणि खरं सांगायचं तर कंटाळा. मी गप्प बसलो. ओवीने कपातला थंड झालेला चहा ढवळला. सारिका समोर बसली होती, मान किंचित वळवून ऐकत. तिचा कॉम्प्युटर जुना आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी सरांना राहवलं नाही. "बघू की. अगदीच वाऱ्यावर नाही सोडायचं कुणाला."

"मग ठीक हाय," सारिका म्हणाली.

आणि मी कागदावर लिहिलं: जुन्या आवृत्त्यांबाबत शक्य तितके सहकार्य केले जाईल. तोंडावर नाही म्हणायचं धैर्य नव्हतं, म्हणून हे सरकारी मराठी. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड आमची होती आणि भीक दुसरीच्या वाट्याला जायची होती.

पान मंजूर झालं. प्रयोजन कसं लिहावं याचा नमुना म्हणून समितीने ते इतर गटांना दाखवलं. सरांनी त्याची प्रत काढून भिंतीवर लावली.

नोव्हेंबरात सारिकाचा निरोप आला. बुकिंगच्या पानावर प्रोग्राम अडखळतोय, निम्मी नावं गाळतोय. मी लिहिलं, "बघतो." आठ दिवसांनी दुसरा आला. मी पुन्हा लिहिलं, "बघतो, या शनिवारी बसतो." तिसरा निरोप लहान होता: "दादा, लय घाई हाय." त्या शनिवारी आम्ही एका लग्नाला गेलो.

डिसेंबरात तुंगार्लीच्या एका बंगल्यावर दोन कुटुंबं एकाच दिवशी सामानासकट उतरली. एका बुकिंगचं नाव प्रोग्रामने वाचलंच नव्हतं. भांडण पोलिसांपर्यंत गेलं. शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने तिला नाताळपर्यंत ठेवलं आणि मग सांगितलं, पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस.

मला हे जानेवारीत कळलं, तेही ओवीकडून. मी वराळ्याला गेलो. भाऊंच्या शेताला लागून आता आठ मजली इमारती आहेत. त्यांच्या सावलीत, घराच्या ओट्यावर सारिका पावटा सोलत बसली होती. तिने माझा आवाज ओळखला, बसा म्हणाली. भाऊ मात्र आत निघून गेले.

"सारिका, ते काम मी करतो आता," मी म्हणालो. "दोन आठवड्यांत चालू करून देतो."

"आता कुनासाठी, दादा? तितं दुसरी पोरगी बसलीय."

माफ कर म्हणालो. तिने पुढची शेंग सोलायला घेतली.

"त्या दिवशी कुनी 'मी' म्हनलं न्हाई, ते मला ऐकू आलंच की," ती म्हणाली. "पन नंतर कागद वाचला. त्यात लिवलं हुतं सहकार्य करनार म्हनून. म्या म्हनलं, एवढा वाद घालून लिवलंय म्हंजे खरंच असंल. न्हाई लिवलं असतं तर मला राग आला असता. चार दिस बोलले नसते तुमच्याशी. पन पाच म्हैने हुते माज्यापाशी. शेठच्या मागं लागून मशीन बदलून घेतलं असतं, न्हाईतर भाऊंना सांगून माजंच नेलं असतं. तुमी न्हाई लिवायला पायजे हुतं."

तिने चहाचं विचारलं. मी नको म्हणालो आणि निघालो.

घरी येऊन मी ते पान उघडलं. ती ओळ काढली आणि तिच्या जागी लिहिलं: जुन्या आवृत्त्यांचे काम हा गट करत नाही. असा बदल केला की हरकत घ्यायला सात दिवसांची मुदत असते. सात दिवस गेले. कुणाची हरकत आली नाही. ती ओळ जिच्यासाठी होती, तिने गटातून नाव काढून घेतलं होतं.